सागवानी फळी आणि दोन स्टेपन्या

आलापल्लीच्या चौकात गाडी थांबली की पाहुणे चहाला उतरतात आणि मी गाडीभोवती फिरतो. हाताची पालथी बाजू चारही टायरना एकेक करून लावतो. बल्लारपूर स्टेशनापासून शंभरेक किलोमीटर आलेलो असतो, तेव्हा टायर गरम लागणारच. मला बघायचा असतो तो फरक. तीन टायर सारखे आणि चौथा त्यांच्याहून तापलेला असला, तर एक तर त्यात हवा कमी आहे, नाहीतर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. दोन्हींचा निकाल चौकातच लावायचा. इथून गाडी भामरागडच्या रस्त्याला लागली की पुढे साधारण ६५ किलोमीटर जंगल. पेरमिली, ताडगाव अशी गावं लागतात, पण मी या रस्त्यावर गाडी चालवायला लागलो तेव्हा रात्री आठनंतर कुठे पंक्चर निघेल याची काही खात्री नसायची.

याच रस्त्यावरच्या हेमलकशाला माणसं काय पाहायला येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोक बिरादरी प्रकल्प, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी उभा केलेला दवाखाना, आश्रमशाळा, अनाथ प्राण्यांचं घर. तिथून थोडं पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम. या सगळ्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट आहे. ते सांगणारी माणसं माझ्यापेक्षा मोठी आहेत. मी पंचवीसेक वर्षं या रस्त्यावर भाड्याची गाडी चालवली. माझ्याजवळ आहेत त्या चाकांच्या गोष्टी, आणि त्या कुणी विचारत नाही म्हणून सांगायच्या राहून गेल्या.

माझी पहिली गाडी जुनी कमांडर जीप. सोळा इंची चाकं, नायलॉनचे जाड टायर, आत ट्यूब. तिच्यासोबत मला एक उस्ताद मिळाले. आलापल्लीत त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याची अर्धी कापलेली टाकी आणि रस्त्याकडेला उभा करून ठेवलेला ट्रकचा फाटका टायर. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. चाकाबद्दल मला जे काही कळतं ते त्यांच्या त्या टिनाखाली उकिडवं बसून कळलं.

पहिला धडा काट्याचा. पेरमिलीच्या अलीकडे टायर बसला. मी मोठ्या हुशारीने ट्यूब काढली, भोक शोधलं, कानशीने घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच चिकटवला, हवा भरली आणि निघालो. तीन किलोमीटरवर तोच टायर पुन्हा बसला. पुन्हा तेच केलं, पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी एका ट्रकवाल्याने दया येऊन चाक आलापल्लीला उस्तादांकडे पोचवलं आणि मी मागाहून गेलो.

"काटा सापडला का तुले?" त्यांनी विचारलं.

"काट्याचं काय, भोक तर बुजवलं ना."

"काटा टायरात हाये अन् तू ट्यूबले ठिगळं लावून रायला."

मग त्यांनी जे केलं ते मी आजही तसंच करतो. जुन्या सुती धोतराचा फडका हातात घेतला आणि टायरच्या आतून तो हळूहळू गोल फिरवत नेला. बोटांनी शोधलं असतं तर बोट कापलं असतं, किंवा काटा नुसताच निसटला असता. फडका एका जागी अडकला, त्याचा एक धागा ओढला गेला. उस्तादांनी तिथे खडूने खूण केली, टायर बाहेरून उघडून पाहिला आणि पकडीने काटा ओढला. बांबूची फास होती, तांदळाच्या दाण्याएवढी. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. इथल्या जंगलात बांबू तिरपा तोडतात, त्याचं जमिनीत राहिलेलं खुंट कोयत्यासारखं धारदार असतं. गाडी रस्त्याच्या कडेला जरा उतरवली की टायर त्यावर जातो.

काटा निघाल्यावर त्यांनी वॉल्व्हकडे मोर्चा वळवला. थुंकीचं बोट वॉल्व्हच्या तोंडावर ठेवलं आणि डोळा जवळ नेऊन पाहत राहिले. थुंकीचा बारीकसा फुगा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आतली पिन हवा सोडत होती. माझ्या वॉल्व्हला टोपी नव्हती, कुठेतरी पडली होती आणि मी नवी घेतली नव्हती. टोपी नसली की चिखल आणि धूळ आत जाते, पिन नीट बसत नाही आणि रोज पौंड-दोन पौंड हवा जाते. रुपयाची प्लास्टिकची टोपी. तेव्हापासून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सुपारीच्या डबीत आठ-दहा टोप्या कायम असतात.

त्या दिवशी निघताना उस्तादांनी दुकानामागून एक फळी आणून गाडीत टाकली. सागवानाची, हातभर लांब, वीतभर रुंद, दोन बोटं जाड. आलापल्ली हे सागवानाचं गाव, लाकडाच्या डेपोचं गाव, तेव्हा अशा तुकड्यांना तोटा नाही. म्हणाले, "जॅक हिच्यावर ठेवजो. पावसात कामी येईन." जॅकचा तळ तळहाताएवढा असतो आणि त्यावर गाडीचा कोपरा उभा राहतो. जूननंतर इथली माती लोण्यासारखी होते. जॅक फिरवत राहावं आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जावा, हे मी पुढे किती तरी जणांचं पाहिलं. फळीमुळे तेच वजन आठपट जागेवर पसरतं. ती फळी अजून माझ्या गाडीत आहे. तिच्या मधोमध जॅकच्या तळाचा चौकोनी ठसा उमटलाय, करंगळीच्या नखाएवढा खोल.

दुसरी गोष्ट वाळूची. तेव्हा सगळ्या नाल्यांवर पूल नव्हते, जे होते ते ठेंगणे होते आणि पावसाळ्यात बुडायचे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटायचं. पाणी ओसरल्यावर पात्रातून गाडी काढायची तर वाळूत चाकं रुतायची. नवा ड्रायव्हर अशा वेळी रेस देतो. चाक जागच्या जागी फिरतं, वाळू मागे फेकली जाते आणि गाडी पोटावर बसते. माहीतगार माणूस उलटं करतो. वाळूत उतरण्याआधीच चारही चाकांतली हवा १८-२० पौंडांवर आणतो. टायर जरा पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि गाडी उंटासारखी वाळूवरून चालते. मग दुसऱ्या नंबरात, ब्रेक न लावता, मध्ये न थांबता पलीकडे जायचं.

हे सगळेच सांगतात. पुढचं सांगायचं राहतं. पलीकडे गेल्यावर हवा पुन्हा भरायची असते, आणि तीही तिथेच. तेव्हा पायपंप होता. एका चाकाला दीडशेच्या वर झटके लागायचे. घामाने भिजलेला, उशीर झालेला माणूस म्हणतो, राहू दे, पुढे गावात भरू. मीही एकदा म्हणालो. दहा-बारा किलोमीटर मुरमाच्या रस्त्यावर तशीच गाडी पळवली आणि पुढचा एक टायर कडेने आतून चिरला. नरम टायर दगडावर गेला की रिंगची कड आणि दगड यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली जाते, जशी अडकित्त्यात सुपारी. तो टायर भंगारात गेला. पैसे नव्हते म्हणून जुनाच, घासलेला टायर घातला आणि एक आख्खा पावसाळा जीव मुठीत धरून गाडी चालवली.

आता ती रात्र. वर्ष मी सांगत नाही. जुलैचा महिना होता. तोवर माझ्याकडे बोलेरो आली होती. हेमलकशाला पाहुणे सोडून मी रिकामा परतत होतो. ताडगावच्या पुढे कंदील हलताना दिसला. रस्त्यावर सहा-सात माडिया माणसं उभी होती आणि मध्ये खाट. खाटेला बांबू बांधून कावड केली होती. आतल्या गावातून चालत आले होते. खाटेवर एक बाई, अडलेली. अशा वेळी विचार करायचा नसतो. मागची सीट आडवी केली, बाईला आणि तिच्या सासूला आत घेतलं, नवरा पुढे बसला आणि गाडी पुन्हा हेमलकशाच्या दिशेला फिरवली.

पाच किलोमीटर गेलो असू. मागचं डावं चाक बसलं.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. स्टेपनी होती, फळी होती, बॅटरी होती. पंधरा मिनिटांचं काम. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, समोरच्या चाकाला दगड लावले. नट आधी जमिनीवरच ढिले करायचे असतात, चाक वर उचलल्यावर ते फिरायला लागतं. पाना पहिल्या नटावर बसवला आणि दाबला. नट हलला नाही. दुसरा, तिसरा, पाचही तसेच. पान्यावर उभा राहिलो, उडी मारली. पाना निसटला आणि माझी नडगी सोलली.

चार दिवसांपूर्वी शहरातल्या एका दुकानात मी टायर बदलून घेतले होते. तिथल्या पोराने नट हवेच्या बंदुकीने आवळले होते, खटखटखट, दोन सेकंदांत एक. ती बंदूक किती जोराने आवळतेय ते हाताला कळत नाही. मी बाजूला उभा राहून चहा पीत होतो. गाडीतल्या पान्याने ते नट एकदा ढिले करून, परत माझ्या हाताने आवळून पाहायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ते केलं नव्हतं. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण त्या पाच मिनिटांचं मला अजून वाईट वाटतं.

बाईचा नवरा खाली उतरला. माझी धडपड त्याने थोडा वेळ पाहिली. आम्हाला एकमेकांची भाषा जेमतेम कळत होती. मग तो अंधारात मागे पळाला. पंधरा मिनिटांनी परतला तेव्हा त्याच्याबरोबर दोन माणसं होती आणि एकाच्या खांद्यावर लोखंडी नळ होता, हातपंपाचा असावा, पुरुषभर उंचीचा. पान्याच्या दांड्यावर तो नळ चढवला आणि टोकाला दोघांनी हळूच वजन दिलं. कर्रर आवाज आला आणि नट सुटला. दांडा लांब असला की जोर कमी लागतो, हे शाळेत तरफेच्या धड्यात शिकलो होतो. पाचही नट सुटले. स्टेपनी आधी गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवली, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकते, माणसाच्या हातावर येत नाही. फळीवर जॅक, जॅकवर गाडी, चाक बदललं. या सगळ्यात पाऊण तास गेला. मागून सासूचा आवाज येत होता, एकसारखा, गुणगुणल्यासारखा. बाईचा आवाज येत नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

दवाखान्यात पोचलो. त्या रात्री मूल जन्मलं, बाई वाचली. सकाळी नवरा बाहेर आला, मला "जोहार" म्हणाला आणि चाकाकडे गेला. उकिडवा बसून त्याने पाचही नट हाताने चाचपून पाहिले.

तेव्हापासून कुठल्याही दुकानातून चाकाचं काम करून आलो की मी पाचही नट स्वतः ढिले करतो आणि गाडीतल्या पान्याने पुन्हा आवळतो. एकामागून एक गोल जात नाही. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग त्याच्या समोरचा, चांदणी काढल्यासारखं. त्याने रिंग सपाट बसते. आधी सगळे थोडे, मग गाडी जमिनीवर टेकवून पूर्ण. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहायचा, कारण चाक नव्याने बसलं की नट थोडा ढिला पडू शकतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. गंजू नये म्हणून लोक लावतात, पण तेलाने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो. तो लोखंडी नळ मी परत नेऊन दिला आणि आलापल्लीत तसाच, जरा आखूड, विकत घेतला. फळीच्या शेजारी तो असतो. दुसरी स्टेपनी कॅरिअरवर तेव्हापासूनच आली.

स्टेपनी या शब्दाचं मला फार दिवस कुतूहल होतं. पुढे कळलं की ते एका गल्लीचं नाव आहे. वेल्समध्ये लनेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्याआधी मोटारीबरोबर जादा चाक येतच नसे, पंक्चर झालं की रस्त्यावरच टायर उघडून बसायचं. त्या गल्लीचं नाव आज ताडगावच्या पोरांच्या तोंडी आहे.

रस्ता सुधारला त्याबरोबर चाकांची दुखणीही बदलली. हे मला सगळ्यांत तळमळून सांगायचंय, कारण नवी पोरं इथेच चुकतात. जुन्या रस्त्यावर आमची गाडी ताशी वीस-पंचवीसने चालायची. टायर काट्याने मरायचा, दगडाने चिरायचा. त्यात माणूस अडकायचा, भिजायचा, उपाशी राहायचा, पण जिवाला धोका फारसा नसायचा. आता डांबरावर हीच गाडी ऐंशीने पळते आणि टायर उष्णतेने मरतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत दबते आणि सरळ होते. ऐंशीच्या वेगाला हे सेकंदाला दहा वेळा होतं. लोखंडाची तार हाताने पुढे-मागे वाकवत राहा, थोड्या वेळात ती चटका बसेल इतकी तापते. टायरच्या आत तेच चालू असतं. रबर आणि आतला धागा एकमेकांना सोडतात आणि एका क्षणी टायर फुटतो. लोक म्हणतात, उन्हाने फुटला, हवा जास्त होती म्हणून फुटला. आमच्याकडे मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ला जातो, त्यामुळे हा समज फार पक्का आहे. मग दुपारी गाडी थांबवून तापलेल्या टायरमधली हवा सोडतात. गरम टायर चार-पाच पौंड जास्त दाखवणारच, गाडी बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. ती हवा सोडली की सकाळी तोच टायर तेवढाच नरम असतो, आणि नरम टायर जास्त तापतो. फुटू नये म्हणून केलेल्या उपायानेच तो फुटतो.

हवा सकाळी पाहावी, गाडी हलायच्या आधी. डिसेंबरात हेमलकशाला पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. नागपुरातून दुपारी तीस डिग्रीला ३३ पौंड भरून आलेली गाडी इथे पहाटे ३० दाखवते. पाहुणे घाबरतात, पंक्चर आहे म्हणतात. पंक्चर नसतं. हवा थंड होऊन आकसलेली असते. पण परतीचा प्रवास लगेच असेल तर तीन पौंड भरून घ्यावेत हेही खरंच.

किती भरावी, याचं उत्तर ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावरच्या पट्टीवर छापलेलं असतं. दोन माणसांना एक आकडा, भरल्या गाडीला दुसरा. मागच्या चाकांना बहुधा जास्त. एकदा एक गृहस्थ गाडीभर कुटुंब आणि टपावर सामान घेऊन आले. पेरमिलीपासून गाडी चेंडूसारखी उडत होती, सगळ्यांच्या कमरा गेल्या होत्या. पाहिलं तर चारही टायरमध्ये पन्नासच्या जवळ हवा. टायरच्या भिंतीवर ५१ छापलेलं त्यांनी वाचलं होतं. तो आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा असतो, तुमच्या गाडीला किती हवी याचा नसतो. इतकी हवा असली की टायर मधल्या पट्टीवरच टेकतो, मधली गुटी आधी झिजते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी घसरत जाते.

२००८ साली आमटे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ साली नाना पाटेकर यांनी डॉ. प्रकाश आमटे साकारलेला चित्रपट आला. मग आपापल्या मोटारी घेऊन येणारी मंडळी वाढली. पुणे, ठाणे, कोल्हापूर, हजार-हजार किलोमीटर चालवत येतात. गाड्या झाडाखाली लावून आत जातात. मी तोवर बाहेर रिकामा असतो. रिकामा माणूस टायर पाहत बसतो.

अशाच एका गाडीपाशी मला एकदा काहीतरी खटकलं. पुढचे टायर बाहेरून कोरे दिसत होते, गुटी छान खोल. पण गाडी उभी असताना चाक खालच्या बाजूला किंचित बाहेर फाकल्यासारखं वाटत होतं. मालक परत आले तेव्हा म्हटलं, "दादा, जरा स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवता का?" त्यांनी वळवलं. चाक आडवं झालं आणि आतली कड उजेडात आली. तिथे रबर संपलं होतं. सुताएवढ्या पोलादी तारा बाहेर आल्या होत्या, गंजून तांबूस. बाहेरून कोऱ्या दिसणाऱ्या टायरवर हे कुटुंब हजार किलोमीटर आलं होतं, दोन लहान मुलांसकट.

ते गृहस्थ खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. नंतर आठवून म्हणाले, पावसाळ्यात एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती. तेव्हापासून स्टेअरिंग जरा एका बाजूला ओढायचं. चाकाचा कोन बिघडला की टायर रस्त्यावर सरळ लोळत नाही, थोडा थोडा घासत जातो, आणि बहुधा आतल्या बाजूने, जी कुणी पाहत नाही. अलाइनमेंट करून घेतली असती तर टायर वाचला असता. टायरवर हात फिरवूनही हे आधी कळतं. एका दिशेने हात फिरवला तर मऊ आणि उलट दिशेने फिरवला तर करवतीसारखा लागला, म्हणजे चाक सरळ नाही. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली. जागोजागी खड्डे पडलेत तर बॅलन्सिंग गेलं किंवा शॉकअपचं काही खरं नाही.

आम्ही त्यांची स्टेपनी काढली. एकदाही न वापरलेली, गुटी अगदी नवीन. मी तिची भिंत पुसली आणि चार आकडे शोधले. हे आकडे एका लंबगोल चौकटीत असतात आणि पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला. आधीचे दोन म्हणजे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. २२०९ होतं, म्हणजे २००९च्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. आम्ही २०१८ मध्ये उभे होतो. भिंतीवर बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात तळ्याच्या मातीला पडतात तशा. रबर न वापरताही म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी दाखवून घ्यावं आणि दहाच्या पुढे तर मुळीच वापरू नये. त्या स्टेपनीवर त्यांना चाळीसच्या वर वेग न घेता आलापल्लीला पाठवलं, मी मागे माझी गाडी ठेवली. तिथून पुढची सोय झाली.

ओल्या दिवसांत आणखी एक गंमत होते. संध्याकाळी चिखलातून आलेली गाडी रात्रभर उभी राहते, सकाळी निघते आणि साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं. पाहुणे बॅलन्सिंग गेलं म्हणून हळहळतात. पुष्कळदा ते गेलेलं नसतं. रिंगच्या आतल्या बाजूला ढेकूळभर चिखल वाळून चिकटलेला असतो. बॅलन्सिंग करताना पाच-दहा ग्रॅमचे शिशाचे तुकडे चिकटवतात, इथे पावशेर माती एका बाजूला बसलेली. बादलीभर पाणी आणि काडी घेऊन रिंग आतून धुतली की थरथर थांबते. मी हे करतो तेव्हा लहान मुलं भोवती जमतात, चिखलाचा गोळा निघाला की टाळ्या वाजवतात.

आलापल्लीच्या अलीकडच्या, आष्टी ते आलापल्ली या टप्प्याची मात्र मला पुढे काळजी वाटू लागली. एटापल्लीकडच्या पहाडातलं लोहखनिज वाहणारे जड ट्रक या रस्त्याने जाऊ लागले आणि डांबराच्या कडा तुटल्या. आतला जंगलातला रस्ता बरा आणि अलीकडचा खराब, असं उलटं चित्र काही काळ आम्ही पाहिलं. धारदार कडेच्या खड्ड्यात वेगाने चाक गेलं की काही वेळा लगेच काही होत नाही. दोन दिवसांनी टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा दिसतो. आतला धागा तुटलेला असतो आणि तिथे नुसतं रबर हवा धरून असतं. त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. "चालते का अजून थोडे दिवस?" असं मला विचारतात. नाही चालत. आजच बदला.

उस्ताद आता नाहीत. त्यांचं दुकान त्यांचा मुलगा चालवतो. ट्यूबलेसचं सामान ठेवतो, बॅलन्सिंगचं मशिन घेतलंय. गेल्या हिवाळ्यात मी तिथे थांबलो होतो. एक पोरगा नव्या कोऱ्या गाडीतून उतरला, पुण्याचे पाहुणे घेऊन हेमलकशाला निघाला होता. हवा पाहून दे म्हणाला. उस्तादांच्या मुलाने चारही चाकांची पाहिली.

"स्टेपनीची?" मुलाने विचारलं.

"राहू दे भाऊ, डिकीत सामान आहे."

मुलगा काही बोलला नाही. हवेचा पाइप हातात तसाच धरून उभा राहिला, पैसे घेईना. दोन मिनिटं कुणीच हललं नाही. मग त्या पोराने डिकी उघडली आणि पाहुण्यांच्या बॅगा एकेक करून टिनाखालच्या बाकावर आणून ठेवायला लागला. मीही दोन उचलल्या. स्टेपनीत अकरा पौंड हवा होती.